हुकूम आणि दिलेला शब्द : जनरल मोरिस शाल

एप्रिल १९६१ मध्ये अल्जिअर्स शहर, फ्रेंच राजवटीखालच्या अल्जीरियाची राजधानी, चार दिवस फ्रेंच हवाई दलाच्या एका निवृत्त जनरलच्या ताब्यात होतं. फ्रान्सने अल्जीरिया सोडू नये म्हणून त्यांनी आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी ते स्वतःहून सोडलं. त्यांच्या बरोबरीचे दोन जनरल, राउल सालां आणि एदमों झुओ, भूमिगत झाले आणि पुढे वर्षभर त्यांच्या संघटनेचे बॉम्ब अल्जीरियात आणि फ्रान्समध्ये फुटत राहिले. चौथे, आंद्रे झेलर, काही दिवस लपून राहिले आणि मग शरण आले. मोरिस शाल कुठेच गेले नाहीत. ज्या पलटणीच्या जोरावर बंड उभं राहिलं, तिच्याच झेराल्दाच्या छावणीत त्यांनी ती रात्र काढली, सकाळी सरकारच्या स्वाधीन झाले आणि पॅरिसच्या तुरुंगात गेले.

ही रात्र मला सोडत नाही. शाल यांनी लढलेलं युद्ध अन्यायाचं होतं असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी आधीच सांगून ठेवते. परक्याच्या भूमीवर, तिथल्या माणसांना त्यांचं घर नाकारणारं युद्ध. तरीही या माणसाच्या आयुष्याकडे पाहताना 'खलनायक' म्हणून पान उलटता येत नाही. कारण त्यांनी विचारलेला एक प्रश्न, आपल्या शब्दावर विसंबून आपल्या बाजूने लढलेल्यांचं पुढे काय, खरा होता, त्याचं उत्तर त्यांच्या सरकारने दिलं नाही, आणि त्याची किंमत हजारो गरीब माणसांनी जीव देऊन मोजली.

शाल यांचा जन्म १९०५ चा, अविन्योंजवळच्या ल पोंते गावचा. अठराव्या वर्षी सां-सीरच्या लष्करी विद्यालयात गेले आणि तिथून बाहेर पडताना त्यांनी विमानं निवडली. फ्रान्समध्ये तेव्हा हवाई दल वेगळं नव्हतं, १९३४ च्या कायद्याने ते भूदलापासून सुटं झालं. म्हणजे शाल यांची पिढी ही आपलं दल स्वतः घडवणारी पिढी. घोडदळ आणि पायदळाच्या जुन्या घराण्यांतल्या अधिकाऱ्यांपेक्षा या लोकांचा यंत्रावर, आखणीवर, नकाशावर भरवसा जास्त. पुढे अल्जीरियात हे सगळं दिसलं.

पण त्याआधी १९४० आलं, आणि त्या वर्षाने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या मनातली हुकमाची चौकटच खिळखिळी केली. जूनमध्ये देश हरला. कायदेशीर सरकारने, तेही पहिल्या महायुद्धातल्या एका वंदनीय मार्शलच्या हाताखालच्या सरकारने, जर्मनीशी तह केला. शस्त्रं खाली ठेवा, हा हुकूम होता. शार्ल द गोल नावाच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या जनरलने तो मोडला आणि लंडन गाठलं. ऑगस्टमध्ये फ्रेंच लष्करी न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना मृत्युदंड सुनावला. चार वर्षांनी तोच माणूस पॅरिसच्या रस्त्यांतून चालत गेला तेव्हा अवघं शहर त्यांना पाहायला लोटलं होतं. ज्यांनी हुकूम पाळला होता ते तोंड लपवत होते.

शाल यांनी सुरुवातीला हुकूम पाळला. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्सही व्यापल्यावर ते लष्करातल्या गुप्त प्रतिकाराच्या जाळ्यात शिरले. १९४४ मधल्या दोस्त सैन्याच्या नॉर्मंडीवरच्या स्वारीआधी जर्मन हवाई दलाची कोणती तुकडी कुठे आहे, किती विमानं आहेत, याची माहिती त्यांनी ब्रिटिशांपर्यंत पोचवली. ब्रिटिशांनी त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर दिला. हे धाडस साधं नव्हतं. कागद हातात सापडला असता तर गोळी निश्चित होती.

युद्धानंतरची चढण भराभर झाली. मोरोक्कोतल्या हवाई दलाची सूत्रं, मग उच्च हवाई युद्धशिक्षणाच्या संस्थेचं प्रमुखपद, मग पॅरिसमध्ये सर्वोच्च सेनाप्रमुख पॉल एली यांचे उजवे हात. या पदावर असताना १९५६ च्या सुएझ प्रकरणात, म्हणजे इजिप्तने सुएझ कालवा स्वतःकडे घेतल्यावर झालेल्या झगड्यात, ते गळ्यापर्यंत बुडाले. १४ ऑक्टोबरला ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांच्यापुढे चेकर्सच्या बंगल्यात योजना मांडणारे शालच होते. इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा, मग ब्रिटन आणि फ्रान्सने दोघांना कालव्यापासून मागे हटा असं बजावायचं, आणि भांडण सोडवण्याच्या निमित्ताने स्वतः कालवा घ्यायचा. पुढच्याच आठवड्यात इस्रायलचे पंतप्रधान बेन गुरियन यांना घेऊन फ्रान्सला परतलेल्या विमानातही ते होते. योजना लष्करी अंगाने जमली, राजकीय अंगाने कोसळली. अमेरिकेने डोळे वटारताच सैन्य मागे आलं. त्या योजनेच्या खोटेपणाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण त्या माघारीने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या मनात जी सल रुतली ती लक्षात घ्यावी लागते. इंडोचायनात हरलो, सुएझमध्ये जिंकत असताना परत बोलावलं गेलं, आता अल्जीरिया तरी सुटता कामा नये.

मे १९५८ मध्ये अल्जिअर्समध्ये सेना आणि तिथले युरोपीय वसाहतकार पॅरिसच्या सरकारविरुद्ध उभे राहिले. सालां आणि झुओ तिथे होते. पॅरिसवर पॅराट्रूपर उतरवण्याचा बेतही आखला गेला होता. पॅरिसमध्ये शाल यांच्यावर संशय घेऊन सरकारने त्यांना ब्रेस्टला धाडलं आणि निषेध म्हणून एली यांनी राजीनामा दिला. या सगळ्या दडपणाखाली चौथं प्रजासत्ताक, म्हणजे महायुद्धानंतरची फ्रान्सची राज्यव्यवस्था, कोसळलं आणि द गोल सत्तेवर आले. ४ जूनला अल्जिअर्समध्ये जमलेल्या अफाट गर्दीपुढे हात उंचावून ते म्हणाले, "मला तुमचं म्हणणं समजलं." दोनच दिवसांनी मोस्तागानेममध्ये त्यांच्या तोंडून "फ्रेंच अल्जीरिया चिरायू होवो" हेही निघालं.

इथे मी पुन्हापुन्हा थांबते. १९४० मध्ये हुकूम मोडणारा राष्ट्राचा तारणहार ठरला. १९५८ मध्ये हुकूम मोडणाऱ्यांनी त्याच माणसाला गादीवर बसवलं, आणि त्यांना शिक्षा झाली नाही, बढत्या मिळाल्या. झुओ हवाई दलाचे प्रमुख झाले. शाल डिसेंबर १९५८ मध्ये सालां यांच्या जागी अल्जीरियाचे सरसेनापती झाले. मग तीन वर्षांनी याच लोकांनी तिसऱ्यांदा तीच वाट धरली तेव्हा अख्खा देश चकित का झाला?

अल्जीरियातलं युद्ध तोवर चार वर्षांचं झालं होतं. फ्रान्सचे चार लाखांहून अधिक सैनिक तिथे होते, बहुतेक सक्तीच्या सेवेतले तरुण पोरगे. प्रत्येक तुकडी आपापल्या वाटणीच्या मुलखात चौकी करून बसलेली, रात्र पडली की दार लावून आत. डोंगर मुक्तिसेनेचे, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अल्जीरियनांच्या सेनेचे. एका वैमानिकाच्या हाती हे डोंगराळ, पायी लढलं जाणारं युद्ध सोपवणं अनेक भूदल अधिकाऱ्यांना रुचलं नसणार. पण शाल यांनी नकाशाकडे वैमानिकाच्या नजरेने पाहिलं. सगळीकडे थोडं थोडं सैन्य ठेवण्याऐवजी पॅराट्रूपर आणि परदेशी पलटणीच्या (फ्रेंच सैन्यातली परदेशी भरतीची 'फॉरेन लीजन') कसलेल्या तुकड्या एकत्र केल्या आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे एकेक डोंगररांग धुऊन काढायला घेतली. फेब्रुवारी १९५९ मध्ये ओरानच्या बाजूने सुरुवात, मग वार्सेनिसचे डोंगर, मग होदना, जुलैपासून कबिलिया, आणि शेवटी कॉन्स्टन्टिनचा मुलूख. मोहिमांना नावं दिली होती मुकुट, पट्टा, ठिणग्या, दुर्बीण, रत्नं. रक्ताच्या मोहिमांना अशी गोजिरवाणी नावं देण्याची सैन्याची रीत जगभर आहे. मला ती कधीच सोसत नाही.

यामागची आखणी नेमकी होती. ट्युनिसियाच्या सीमेवर विजेच्या तारांचं कुंपण आधीच उभं होतं, हजारो व्होल्टचं, दोन्ही बाजूंना सुरुंग. त्याला मोरिस रेषा म्हणत. (हे मोरिस वेगळे, संरक्षणमंत्री आंद्रे मोरिस.) शाल यांनी तिच्या जोडीला दुसरी रेषा उभारली. बाहेरून शस्त्रं आणि माणसं येणं जवळपास थांबलं. आत 'कमांडो द शास' म्हणजे माग काढणाऱ्या तुकड्या दिवसेंदिवस डोंगरात राहून कातिबांच्या, म्हणजे मुक्तिसेनेच्या शंभरेक माणसांच्या दलांच्या, पाठीवर असत. कातिबा सापडली की वायरलेसवर निरोप, सिकोर्स्की एच-३४ हेलिकॉप्टरं, अर्ध्या तासात डोंगरमाथ्यावर उतरणारे सैनिक, डोक्यावर टी-६ विमानं. ही टी-६ मुळात शिकाऊ वैमानिकांसाठीची. सावकाश उडणारी, म्हणून डोंगरदऱ्यांत उपयोगी. ती टाकत असलेल्या नेपाम बॉम्बना कागदोपत्री 'खास डबे' म्हणत.

लष्करी मोजमापाने ही योजना यशस्वी झाली हे शाल यांचे शत्रूही नाकारत नाहीत. वर्षभरात मोठ्या कातिबा मोडल्या, उरलेले मूठभरांच्या टोळ्यांत विखुरले.

पण या यशाचे दोन आधार होते आणि दोन्ही माणसांचे होते. पहिला, हार्की. फ्रेंच सैन्याबरोबर शस्त्र घेऊन लढणारे अल्जीरियन मुसलमान. शाल यांनी त्यांची संख्या दुपटीहून वाढवून सुमारे ६० हजारांवर नेली. डोंगरातली वाट, बोली, कोण कुणाचा सोयरा हे हार्कींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी पोटासाठी आला, कुणाच्या भावाला मुक्तिसेनेने मारलं म्हणून, कुणाला गावच्या कलहातून आसरा हवा होता, कुणाला सैन्याने दुसरी वाटच ठेवली नव्हती. त्यांना सैन्यात घेताना प्रत्येक फ्रेंच अधिकारी एकच गोष्ट सांगत होता, फ्रान्स इथून जाणार नाही. शाल यांच्या सैन्याने दिलेला शब्द तो हा.

दुसरा आधार, उठवलेली गावं. मुक्तिसैनिकांना भाकर आणि आसरा मिळू नये म्हणून डोंगरातली वस्तीच काढून तारांच्या कुंपणातल्या छावण्यांत आणायची, आणि रिकामा झालेला मुलूख 'निषिद्ध' ठरवायचा. तिथे जो हलताना दिसेल त्याच्यावर गोळी. ही पद्धत शाल यांच्या आधीपासून होती, त्यांच्या मोहिमांनी ती फुगली. १९५९ च्या सुरुवातीला मिशेल रोकार नावाच्या तरुण सरकारी अधिकाऱ्याने (हेच पुढे फ्रान्सचे पंतप्रधान झाले) या छावण्या पाहून अहवाल लिहिला. उठवलेल्या माणसांची संख्या तेव्हाच दहा लाखांच्या घरात होती. त्या अहवालात एक वाक्य आहे. छावणीत हजार माणसं झाली की तिथे साधारण दर दोन दिवसांनी एक मूल मरतं, असा अनुभवाने सापडलेला नियम. मुलकी प्रमुख पॉल दलुव्रिए यांनी यापुढे आपल्या परवानगीशिवाय गावं उठवू नयेत असा आदेश काढला. मोहिमा चालूच राहिल्या. युद्ध संपेपर्यंत आकडा २० लाखांवर गेला होता.

शाल यांच्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे बरेच फ्रेंच लेखक हार्कींवर पानंच्या पानं लिहितात आणि या छावण्यांना दोन ओळी देतात. मला हे पटत नाही. एकाच माणसाच्या एकाच योजनेत दोन्ही होतं.

ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस द गोल अल्जीरियात सैन्याच्या ठाण्यांना भेटी देत फिरले. कबिलियाच्या उंच डोंगरावरच्या शाल यांच्या ठाण्यावरही गेले, कामगिरीबद्दल समाधान व्यक्त केलं. आणि १६ सप्टेंबरला दूरचित्रवाणीवरून जाहीर केलं की अल्जीरियाच्या लोकांना स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क राहील. फ्रान्सपासून वेगळं होणं, फ्रान्समध्ये पूर्ण मिसळणं, की फ्रान्सशी संलग्न राहून स्वतःचा कारभार, असे तीन पर्याय.

हे योग्यच होतं, आणि खरं तर उशिरा आलेलं शहाणपण होतं. पण शाल यांच्या खुर्चीत बसून पाहा. काल संध्याकाळपर्यंत हार्कीला सांगत होतो, आम्ही जाणार नाही. आज त्याने विचारलं, साहेब, मतदानात तुम्ही हरलात तर माझं काय? पुढे काय होणार हेच स्पष्ट नसलेल्या गोष्टीसाठी सैनिकाला मरायला पाठवता येत नाही, असं शाल यांनी पॅरिसला कळवलं. सैन्य फ्रेंच अल्जीरियासाठी लढतंय असं उघड म्हणू द्या, ही त्यांची मागणी होती. ती मान्य होणं शक्य नव्हतं. मी म्हणेन, सत्ता हार्कीच्या प्रश्नाला सहज उत्तर देऊ शकली असती. काहीही झालं तरी तुला आणि तुझ्या बायकामुलांना आम्ही बोटीत घेऊ, एवढंच. तेवढंही कुणी म्हटलं नाही.

जानेवारी १९६० मध्ये अल्जिअर्सचे सेनापती जनरल मास्यू यांना, द गोल यांच्या धोरणावर टीका करणाऱ्या जर्मन वृत्तपत्रातल्या मुलाखतीवरून, परत बोलावल्यावर अल्जिअर्सच्या युरोपीयांनी रस्त्यांवर अडथळे उभारले. २४ तारखेच्या गोळीबारात चौदा जेंडार्म (फ्रेंच लष्करी पोलीस) पडले. शाल यांनी सैन्याला अडथळ्यांवर चालून जायचा हुकूम दिला नाही. दलुव्रिए आणि ते शहराबाहेरच्या हवाई तळावर गेले, बंड आठवडाभरात आपोआप विरलं. रक्तपात टळला. पण पॅरिसला त्यांची ही संयमाची रीत डळमळीतपणाची वाटली. वसंतात त्यांना उचलून फोंतनब्लोला नाटोच्या मध्य युरोपच्या सेनापतिपदी बसवलं. मानाचं पद होतं. युद्ध जिंकायला काही महिने उरलेत असं वाटत असताना त्यांना तिथून काढलं होतं.

फ्रान्सचं हवाई दल तेव्हा नव्या युगात शिरत होतं. फेब्रुवारी १९६० मध्ये सहारात रेगानला फ्रान्सने पहिला अणुस्फोट केला. मिराज-४ हे अणुबॉम्ब वाहणारं विमान तयार होत होतं. द गोल यांना वसाहतींच्या ओझ्यातून मोकळं होऊन या दिशेला जायचं होतं आणि एका वैमानिक जनरलला याहून मोठं भविष्य कुठलं? शाल गप्प बसले असते तर त्या हवाई दलात त्यांचं स्थान फार वर असतं. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती मागितली.

२० एप्रिल १९६१ च्या रात्री एका लष्करी मालवाहू विमानातून शाल गुपचूप अल्जीरियात उतरले. हवाई दलाच्या मुख्यालयातले जनरल निको यांनी त्यात हात दिला. अल्जीरियातल्या हवाई विभागाचे प्रमुख बिगो यांनीही साथ दिली. शाल, झुओ, निको, बिगो. एका कटात एकाच दलाचे चार जनरल.

त्यांच्याकडे पलटण होती परदेशी पॅराट्रूपरांची पहिली रेजिमेंट आणि तिचे तात्पुरते प्रमुख एली द सां मार्क. या मेजरबद्दल थोडं सांगायलाच हवं. विशीत नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून वाचलेला माणूस. पुढे इंडोचायनात, चीनच्या सीमेवर तालुंग नावाच्या गावात राहून त्याने तिथल्या लोकांना फ्रेंचांच्या बाजूने उभं केलं. एके दिवशी गाव सोडायचा हुकूम आला. गावकरी ट्रकच्या कडांना लोंबकळले, त्यांना माहीत होतं मागे राहिलो तर काय होईल. सैनिकांनी त्यांच्या बोटांवर बंदुकीचे दस्ते हाणून हात सोडवले. शाल यांनी त्याला बोलावून विचारलं तेव्हा त्याच्या मनात तालुंग होतं. पुढे आपल्या खटल्यात त्याने हेच सांगितलं.

२२ एप्रिलच्या पहाटे अल्जिअर्स पडलं. आणि मग कळून आलं की डोंगररांगांची इतकी काटेकोर आखणी करणाऱ्या माणसाने बंडाची आखणी केलीच नव्हती. अल्जीरियाचा पैसा, धान्य, इंधन सगळं फ्रान्समधून येणारं. पॅरिसने ते रोखलं. युरोपीय नागरिकांच्या हाती शस्त्रं द्यायला शाल यांनी नकार दिला, फ्रेंचांनी फ्रेंचांवर गोळी चालवू नये हा त्यांचा हट्ट. त्यांना वाटत होतं थोडे महिने मिळाले तर मुक्तिसेना संपवू आणि शांत झालेला अल्जीरिया देशाच्या हाती ठेवू. राजकारण त्यांना कळलंच नव्हतं. मुक्तिसेना संपली असती तरी अल्जीरियन माणसाची मुक्तीची इच्छा संपणार नव्हती.

२३ तारखेच्या रात्री आठ वाजता द गोल गणवेशात पडद्यावर आले. निवृत्त जनरलांचं एक टोळकं, असा उल्लेख केला आणि कुठल्याही फ्रेंच माणसाने, विशेषतः सैनिकाने, त्यांचा हुकूम पाळू नये असं बजावलं. शेवटी, फ्रेंच जनहो, मला मदत करा. अल्जीरियातल्या छावण्यांमध्ये सक्तीच्या सेवेतल्या पोरांच्या उशाशी छोटे ट्रान्झिस्टर होते. त्यांनी ते ऐकलं आणि हलायचं नाकारलं. शाल यांच्या स्वतःच्या हवाई दलातल्या वैमानिकांनी मालवाहू विमानं उडवून थेट फ्रान्सला नेली, म्हणजे ती पॅरिसवर पॅराट्रूपर टाकायला वापरता येऊ नयेत. आयुष्यभर ज्या दलात काढलं त्याच दलातल्या तरुणांनी विमानं घेऊन निघून जावं, हे शाल यांना कसं लागलं असेल याचा मी विचार करते. त्या तरुणांनी बरोबर केलं. माझ्या मते त्या आठवड्यातलं सर्वांत शहाणं काम त्यांनीच केलं.

ओरानचे जनरल द पुई यांनी बंडात सामील व्हायला नकार दिला होता. शाल यांना समजवायला ते स्वतः अल्जिअर्सला गेले आणि तिथे अटकेत पडले. नंतर न्यायालयात त्यांनी दिलेली साक्ष अशी : मी शाल यांच्यापेक्षा वेगळी वाट निवडली, शिस्तीची. शिस्त निवडताना देशाबरोबर एका त्यागाची लाजही मी वाटून घेतली. ज्यांना ती लाज सोसवली नाही आणि जे उठले, त्यांचा गुन्हा आमच्या गुन्ह्यापेक्षा लहान होता असं कदाचित इतिहास म्हणेल. हुकूम पाळणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत. त्या अख्ख्या प्रकरणात इतकं प्रामाणिक बोलणं मला दुसरं सापडलं नाही.

मे अखेरीस शाल आणि झेलर यांच्यावर खटला चालला. सरकारला कठोरातली कठोर शिक्षा हवी होती, सरकारी वकील बेसों यांनी मृत्युदंड मागायला नकार दिला. पंधरा वर्षांची कैद झाली. तूलच्या तुरुंगातून शाल डिसेंबर १९६६ मध्ये सुटले, १९६८ मध्ये माफी मिळाली, जानेवारी १९७९ मध्ये पॅरिसला वारले. झुओ आणि सालां यांना पद परत देणारा कायदा १९८२ मध्ये झाला, तो पाहायला शाल नव्हते.

शाल यांच्या बंडाच्याच वर्षी, १९६१ च्या डिसेंबरात, आपल्या शेजारी आणखी एका जनरलने हुकूम मोडला. सावंतवाडीकडच्या माणसांना हे सांगायला नको. आमच्याकडे गोव्याच्या सत्याग्रहींच्या गोष्टी ओटीवर बसून सांगितल्या जात, पण पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांचं नाव त्यांत क्वचितच यायचं. मी शाल यांच्याकडे वळले ती या गव्हर्नरांबद्दल वाचताना. लिस्बनहून पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांची तार आली होती, माघार नाही, शरणागती नाही, आमचे सैनिक एक तर विजयी नाही तर मृत. १८ तारखेला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, १९ ला व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आणि कोण जाणे किती गोवेकर त्यामुळे जगले. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून हाकललं. १९७४ च्या क्रांतीनंतर पद परत मिळालं, आणि १९८० मध्ये ते गोव्याला येऊनही गेले.

दोघांनी हुकूम मोडला, दोघांनी किंमत मोजली. पण व्हासालो इ सिल्वा यांच्या नकाराने युद्ध थांबलं, शाल यांच्या बंडाने ते लांबलं असतं. हुकूम मोडला की पाळला यावरून माणसाची पारख होत नाही असं मला या दोघांना शेजारी ठेवून वाटतं. आपल्या निर्णयामागून कोण जगणार आहे आणि कोण मरणार आहे, ते पाहिलं का, एवढं विचारावं. शाल यांनी ते अर्धंच पाहिलं होतं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर १९६२ मध्ये मिळालं. मार्चमध्ये अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी करणारा एव्हियांचा करार झाला, मे महिन्यात पॅरिसहून आदेश निघाले की अधिकाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर हार्कींना फ्रान्समध्ये आणू नये. काही अधिकाऱ्यांनी तो हुकूम मोडला आणि आपली माणसं बायकामुलांसकट बोटीवर चढवली. जे मागे राहिले त्यांतले हजारो मारले गेले. आकड्यांवर इतिहासकार अजून भांडतात, खालचा अंदाजही दहा हजारांच्या आसपास आहे. जे पोचले त्यांना रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत, तारांच्या आत ठेवलं गेलं. हार्कींचा जाहीर सन्मान व्हायला २००१ उजाडलं, राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी क्षमा मागितली २०२१ मध्ये, कायदा झाला २०२२ मध्ये.

आणि छावण्यांतले वीस लाख? त्यांच्यासाठी कुणी बंड केलं नाही, त्यांना कुणी शब्दही दिला नव्हता. स्वातंत्र्यानंतर त्यांतल्या कित्येकांना गाव परत मिळालं नाही. घरांची छपरं गेली होती, डोंगरउतारावरचे बांध ढासळले होते, शेळ्यामेंढ्या उरल्या नव्हत्या, विहिरींची वाट झाडोऱ्याने भरली होती. पुष्कळ लोक सैन्याने नेऊन टाकलेल्या त्याच जागी राहिले, तिथेच त्यांनी पक्की घरं बांधली, उरलेले शहरांकडे गेले.